धर्मव्याधाचे दुकान



गेल्या चातुर्मासातील एका एकादशीस सायंकाळची आरती आटोपली, मंडळी घरोघर पांगली, आणि एक बाई सभामंडपाच्या खांबाशी तशाच उभ्या राहिल्या. बाई आपल्या निपाणीच्याच. बिड्या वळून त्यांनी संसार केला, दोन मुली उजवल्या, मुलाला शिकविले. आपणांपैकी पुष्कळजण त्यांना ओळखतात, म्हणूनच नाव लिहीत नाही. माझे तीर्थरूप गाभाऱ्याला कुलूप लावीत होते. बाईंच्या हाती नारळ होता. त्या म्हणाल्या, "अण्णा, बिडीचं अन्न पापाचं असतंय काय वो? तसं असंल तर ह्यो नारळ देवाला द्यावा का नको, तेवढं सांगा."

तीर्थरूपांनी कुलूप पुन्हा काढले. नारळ घेऊन देवापुढे वाढविला आणि एक भक्कल बाईंच्या पदरात घातले. बोलले काहीच नाहीत. रात्री जेवताना मात्र मला म्हणाले, "नुसत्या प्रसादाने त्या माउलीचे समाधान झालेले नाही. वनपर्वातील धर्मव्याधाचे आख्यान पत्रिकेत लिही. मुलगा तुझ्या वयाचा आहे. माझे ऐकणार नाही, कदाचित तुझे वाचील."

माझे शिक्षण शाळेपुरतेच झाले. पुढे पूजाअर्चा आणि पौरोहित्य शिकलो. विज्ञानाच्या पदवीधरास काही सांगण्याचा माझा अधिकार तो कितीसा! परंतु ज्या आख्यानाविषयी लिहावयाचे आहे, त्यात वेदपारंगत ब्राह्मणास उपदेश करणारा मांसविक्या आहे, आणि त्याच्याकडे वाट दाखविणारी एक घरकाम करणारी गृहिणी आहे. म्हणून आज्ञा शिरसावंद्य मानून लिहावयास बसलो.

कथाभाग असा. कौशिक नावाचा एक तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेदपठण करीत बसला असता वरच्या फांदीवरील बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने क्रुद्ध होऊन वर पाहिले, आणि ती पक्षिणी गतप्राण होऊन खाली कोसळली. कौशिकास पश्चात्ताप झाला खरा, पण तपाचा ताठा काही गेला नाही. पुढे तो गावात भिक्षेस गेला. एका घरच्या गृहिणीने त्यास थांबावयास सांगितले. इतक्यात तिचा पती भुकेला होऊन घरी आला. तिने आधी त्याचे जेवणखाण पाहिले आणि मग भिक्षा घेऊन बाहेर आली. कौशिक संतापला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, महाराज, मी काही ती रानातली बगळी नव्हे. रानात घडलेली गोष्ट हिला घरबसल्या कशी कळली, ह्या आश्चर्याने कौशिक थक्क झाला. तिने त्यास सांगितले की, धर्म समजून घ्यावयाचा असेल तर मिथिला नगरीतील व्याधाकडे जा.

कौशिक मिथिलेस गेला तो थेट मांसाच्या दुकानापाशी पोहोचला. गिऱ्हाइकांची गर्दी, समोर रानडुकरांचे नि म्हशींचे मांस. हा आपला गुरू! व्याधाने त्यास ओळखले, आपल्या घरी नेले आणि पुष्कळ धर्म सांगितला. त्यातील दोनच गोष्टी आजच्या प्रश्नापुरत्या घेतो.

पहिली अशी की, व्याध आपल्या धंद्याचे समर्थन करीत नाही. तो त्यास घोर कर्म म्हणतो. पूर्वजन्मीच्या एका अपराधाने हे आपल्या वाट्यास आले असे सांगतो. मी स्वतः प्राण्यास मारीत नाही, इतरांनी मारलेले विकतो, आणि मी मांस खात नाही, असेही सांगतो. म्हणजे जे पदरी आले त्यात राहूनही स्वतःसाठी त्याने एक मर्यादा आखली आहे. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. तो कौशिकास विचारतो की, कोणाची उपजीविका हिंसेवाचून चालते? नांगर जमिनीत जातो तेव्हा भूमीच्या पोटातील किती जीव चिरडले जातात? धान्याचे बी हेही जीवच. चालणाऱ्याच्या पावलाखाली काय मरते हे चालणाऱ्यास ठाऊक नसते. तेव्हा पूर्ण अहिंसक असा ह्या जगात कोण आहे?

ह्या दोन गोष्टी एकत्र धरणे हीच खरी कसोटी होय. पहिली सोडून दुसरीच धरली तर मनुष्य म्हणतो, सगळेच पापी, मग माझेच काय बिघडले? दुसरी सोडून पहिलीच धरली तर तो कौशिकासारखा वर पाहतो आणि कोणीतरी जळून खाली पडते.

आता आपल्या गावच्या कौशिकाकडे वळू. ह्या मुलाने अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन पदवी संपादन केली. अर्जुननगर म्हणजे आपल्या गावाला लागूनच, घरातून चालत जाण्यासारखे. परंतु मध्ये राज्याची सीमा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जी रेघ पडली, तिच्या अलीकडे त्याचे घर आणि पलीकडे त्याचे कॉलेज. पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, शिधापत्रिका कर्नाटकाची. इकडील लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसावे तर कन्नडची सक्तीची प्रश्नपत्रिका पार करावी लागते, आणि मुलगा मराठी शाळेत शिकलेला. कन्नड त्याला बोलता येते, बाजारात ऊस-तंबाखूच्या भावाविषयी भांडताही येते, पण निबंध लिहिणे निराळे. तिकडे महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषिकांस नोकरीसाठी अर्ज करण्याची सवलत दिलेली आहे. तीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तो दाखला मिळविण्यासाठी ह्या कचेरीतून त्या कचेरीत किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्याच्या घरी पदवीधर मुलगा आहे त्यास सांगावयास नको. आपली वेदगंगा सह्याद्रीत भुदरगडच्या बाजूस उगम पावते, सीमा ओलांडून आपल्याकडे येते आणि दूधगंगेस मिळून कृष्णेकडे जाते. तिला अद्याप कोणी अधिवासाचा दाखला मागितलेला नाही, हे तिचे भाग्य.

दीड वर्षात त्याने किती अर्ज केले ह्याची मोजदाद त्याच्या आईने ठेवली आहे. दर अर्जाला शुल्क, दर परीक्षेला एस. टी.चे भाडे, कधी बेळगाव, कधी हुबळी, कधी कोल्हापूर. हे पैसे बिड्यांतून गेले. एका कारखान्याने त्यास शिकाऊ म्हणून सहा महिने राबविले, आणि कायम करण्याची वेळ आली तेव्हा उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. त्यानंतर एक नोकरी चालून आली. सुगंधी तंबाखूच्या पुड्या तयार करणाऱ्या एका व्यवसायात प्रयोगशाळेत रसायनज्ञ पाहिजे होता. पगार चांगला. मुलाने नकार दिला, आणि घरी सांगितलेही नाही. आईला दुसऱ्याच कोणाकडून कळले. तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, लोकांना रोग वाटण्याची नोकरी मी करणार नाही. ती म्हणाली, मग तुला मी काय खाऊ घातले? तो रागाच्या भरात बोलून गेला की, तेही पापाचेच होते.

बगळी पडली ती ह्या क्षणी.

माझ्या ह्या मित्राला (आम्ही एकाच शाळेत होतो, म्हणून मित्र म्हणतो) एवढेच विचारावेसे वाटते की, बाबा रे, तुझ्या अंगी जे ज्ञानाचे तेज आले त्याचा पहिला प्रयोग कोणावर केलास? तंबाखूच्या वखारींचे मालक ह्याच गावात आहेत. ज्यांनी अर्धवट पगारावर तुला राबविले तेही फार दूर नाहीत. त्यांच्याकडे तू मान वर करून पाहिले नाहीस. पाहिलेस ते सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आईकडे. पाने रात्री भिजत घालावयाची, पहाटे पुसून मापाने कापावयाची, जर्दा भरून वळावयाचे, दोरा बांधावयाचा, पंचवीस पंचवीसच्या जुड्या करावयाच्या. सायंकाळी मोजणीच्या वेळी त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला टाकल्या जातात, त्यांचा मोबदला मिळत नाही. हा धंदा तिने निवडला नव्हता. व्याधाप्रमाणेच तो तिच्या वाट्यास आला. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला, आणि त्यातून कामगारांच्या मुलांस शिष्यवृत्त्या मिळत आल्या. तुझ्या दोन वर्षांच्या पुस्तकांचा खर्च त्याच शिष्यवृत्तीतून झाला, हे तूच मला एकदा सांगितले होतेस.

कौशिकाची गोष्ट शेवटी कोठे जाते ते पाहण्यासारखे आहे. व्याध त्यास आपल्या घरात नेऊन वृद्ध आईबापांपुढे उभा करतो आणि म्हणतो, हेच माझे देव. नंतर सांगतो की, तू आपल्या आईबापांची अनुज्ञा न घेता वेद शिकावयास निघून आलास, ते तुझ्या शोकाने अंध झाले आहेत, परत जा. एवढ्या थोर धर्मचर्चेचा शेवट असा घराच्या उंबऱ्याशी होतो.

इतके वाचून वडीलधाऱ्या मंडळींस संतोष वाटला असेल. आता थोडे त्यांच्याविषयी लिहितो.

मुलगा रागात चुकीचे बोलला, पण त्याने खोटे काही सांगितले नाही. तंबाखूने काय होते हे निपाणीच्या माणसास कोणी शिकवावयास नको. वखारीत चाळणीच्या कामावर गेलेल्या बायांचा खोकला आपण रात्री-बेरात्री ऐकतो. २००३ साली ह्या देशात तंबाखूच्या जाहिराती आणि विक्री ह्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या तंबाखू नियंत्रणाच्या करारास भारताने २००४ साली मान्यता दिली. त्या कराराच्या सतराव्या कलमात तंबाखूवर पोट भरणाऱ्या मजुरांस, शेतकऱ्यांस आणि विक्रेत्यांस दुसरी परवडणारी उपजीविका मिळावी ह्यासाठी साह्य करण्याचे सांगितले आहे. म्हणजे जगाने बंदीचा विचार करताना सुपामागे बसलेल्या माणसाचाही विचार कागदावर का होईना केला. हा तंबाखू आपल्या गावाने सहज सोडावा असाही नव्हे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये भावासाठी ह्याच महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले, गोळीबार झाला, माणसे गेली. ज्यांच्या घरची गेली त्यांना तंबाखू हे नुसते व्यसन म्हणून सांगता येत नाही.

आणि आपले मंदिर? सभामंडपाच्या फरशीवर, घंटेवर, दीपमाळेवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील किती नावे तंबाखूच्या व्यापारातील आहेत हे सकाळी प्रदक्षिणा घालताना सवडीने वाचावे. माझ्या घरची चूलही त्याच दक्षिणेवर पेटते. तेव्हा त्या बाईंच्या नारळाविषयी शंका घ्यावयाची तर आधी घंटेविषयी घ्यावी लागेल, आणि नंतर माझ्या जेवणाविषयी. तीर्थरूपांनी त्या सायंकाळी न बोलता नारळ वाढविला, त्याचे एक कारण हेही असावे.

ह्या मुलाचे घरचे आचरण पाहाल तर ते आपल्या आजोबांच्या काळाचेच आहे. बाजारास जाताना कापडी पिशवी, चहास काचेचा पेला, जवळच्या गावी जावयाचे तर सायकल, ओल्या कचऱ्याचे परसात खत. शेजारी ह्यास नोकरी नसल्याचे चाळे म्हणतात. कर्नाटकाने २०१६ साली, महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकावयाच्या अनेक वस्तूंस साऱ्या देशात बंदी झाली. त्यात सजावटीचा थर्मोकोलही आहे. इतके कायदे होऊनही गेल्या वर्षी आपल्या उत्सवाचा मखर थर्मोकोलचाच होता. कायदा मोडून देवास बसविले, आणि कायदा पाळणाऱ्यास चाळे करणारा म्हटले.

त्याने कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना मांडल्या होत्या. एक निर्माल्याविषयी. सोमवारी नि एकादशीस निघणारे फुलांचे ढीग आपण पिशव्या भरून वेदगंगेत सोडतो आणि पवित्र कार्य केल्यासारखे परत येतो. फुले पाण्यात कुजतात, कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात, आणि मासे तडफडतात, हे त्याने साध्या शब्दांत समजावून सांगितले. देवाच्या मस्तकावरून उतरलेले फूल जलचरांच्या मृत्यूस कारण व्हावे, हे कोणत्या शास्त्रात बसते? त्याऐवजी मंदिरामागील मोकळ्या जागेत खड्डे करून सुकी पाने, शेण नि माती ह्यांच्या थरांत निर्माल्य कुजवावे, दोरे आणि प्लास्टिकच्या माळा आधी वेगळ्या काढाव्यात, काही महिन्यांत तुळशीस नि बेलास घालण्याजोगे खत होईल, असे त्याचे म्हणणे.

दुसरी सूचना गणेशमूर्तीविषयी. येथे मला माझ्या विषयातले बोलता येते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या व्रतात मूर्ती पार्थिव सांगितली आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीची, मातीची. प्लास्टर ऑफ पॅरिस हा जिप्सम भाजून केलेला पदार्थ आहे. त्याची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. विसर्जनानंतर चार दिवसांनी तळ्याकाठी हात तुटलेला, सोंड मोडलेला गणपती ज्यांनी पाहिला आहे त्यांस विसर्जन झाले असे कसे म्हणता येईल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यात अशा मूर्तींस मज्जाव आहे. पण आपणास त्यासाठी मंडळाकडे जाण्याचे कारण काय? व्रताच्या पहिल्याच शब्दात ते आहे. मित्राने त्यातही एक बारकावा दाखविला. शाडू म्हणून जी माती आपण शुद्ध समजतो ती बहुतेक गुजरातेतून ट्रकने येते. आपल्या कुंभारवाड्यात मातीही आहे आणि हातही आहेत.

सूचना मंडळास पसंत पडल्या. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "छान आहे. तो मुलगा रिकामाच आहे, त्यालाच हे काम सांगा. सेवा घडेल." सर्वांनी माना हलविल्या. मीही हलविली, हे कबूल करतो. घरी आल्यावर तीर्थरूपांनी विचारले, "आपण पूजा करतो ती सेवाच ना? मग महिन्याला आपण मानधन का घेतो?" मला उत्तर देता आले नाही.

सेवा ह्या शब्दाचा इतका स्वस्त उपयोग होऊ नये. ज्याच्या घरी तांदळाची विवंचना नाही त्याने घामाची सेवा करावी, तीस सेवा म्हणणे शोभते. ज्याची आई छाट निघालेल्या जुडीसाठी डोळ्यांत पाणी आणते, त्याच्याकडून रोजचे चार तास फुकट घ्यावयाचे आणि त्यास पुण्य म्हणावयाचे, हा त्याच कारखान्याचा न्याय झाला. सहा महिने शिकाऊ म्हणून राबवून घेतलेच होते. आता देवाच्या नावाने राबवावे काय? गाडगे महाराज गावात आले की प्रथम खराटा हाती घेत, गाव झाडीत, आणि रात्री कीर्तन करीत. त्यांचा खराटा आपण सर्वजण भक्तिभावाने आठवतो. ते स्वतः झाडीत, दुसऱ्या एखाद्या गरजूस झाडावयास लावून स्वतः ओट्यावर बसत नसत, एवढे मात्र विसरतो.

मंडळाच्या पुढील बैठकीत मी लेखी विनंती करणार आहे की, निर्माल्याच्या कामास मानधन ठरवावे, मग ते थोडे का असेना. खताच्या पिशव्या सभासद कुटुंबांनी विकत घ्याव्यात, म्हणजे मंदिरावर बोजा पडणार नाही. मुलास नोकरी लागली तर ते काम दुसऱ्या गरजूकडे जाईल. आणि उत्सवाची मूर्ती कुंभारवाड्यातूनच घ्यावी, तिचे पैसे आगाऊ द्यावेत, कारण कुंभारास पावसाळ्याआधी माती साठवावी लागते. विनंती मान्य होईल की नाही हे मला ठाऊक नाही. तीर्थरूप म्हणतात, मानधन शब्द ऐकताच निम्मे सभासद घड्याळाकडे पाहतील.

मूळ प्रश्नास उत्तर अजून राहिले. माउली, बिडीचे अन्न पापाचे असते काय, असे आपण विचारले. व्याधाने आपल्या कर्मास चांगले म्हटले नाही, म्हणून मीही बिडीस चांगले म्हणणार नाही. पण त्याच दुकानात बसून त्याने जो धर्म आचरला त्यापुढे वेदपारंगत ब्राह्मण हात जोडून उभा राहिला. आपण स्वतः कधी बिडी ओढली नाही, मुलींच्या हाती सूप दिले नाही, मुलास त्या धंद्यात घातले नाही. जी मर्यादा व्याधाने स्वतःपुरती आखली तीच आपण आखली. आपला मुलगा पुड्यांची नोकरी नाकारू शकला, कारण त्याच्या पाठीशी आपण वळलेल्या बिड्या होत्या. एका पिढीने घोर कर्म अंगावर घेतले म्हणून दुसरीला ते नाकारण्याची सवड मिळाली. नारळ देवास पोहोचला आहे.

मित्रास हा मजकूर छापण्यापूर्वी दाखविला. त्याने वाचला, काही ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, आणि पुड्यांच्या नोकरीचा पगार मी थोडा वाढवून लिहिला होता तो आकडाच खोडून टाकला. आईविषयीच्या भागावर काही बोलला नाही.

परवा सायंकाळी मात्र मी त्यास पाहिले. सायकलच्या कॅरिअरला आईच्या बिड्यांची टोपली बांधून तो मोजणीच्या ठिकाणी उभा होता. शाळेत असताना हे काम करावयास तो लाजत असे, बहिणींना पाठवीत असे. मोजणाऱ्याने तीन जुड्या छाट म्हणून बाजूला फेकल्या. ह्याने त्या उचलल्या, एकेक बिडी उलगडून दिव्याखाली धरली आणि कोणत्या कारणाने, असे विचारू लागला. मागची रांग खोळंबली, बायका हसू लागल्या. शेवटी त्यातल्या दोन जुड्या परत हिशेबात धरल्या गेल्या.

येत्या रविवारी कोल्हापुरास प्रयोगशाळा साहाय्यकाच्या जागेची परीक्षा आहे. पहाटेच्या गाडीने तो जाणार आहे. त्या दिवशी निर्माल्याचे खड्डे मीच पाहणार आहे. दोरे काढून आणलेले निर्माल्य सकाळी आठपर्यंत मंदिराच्या मागील दाराशी ठेवावे.